खांदेरीचा दिवा

तळोज्याहून सकाळी निघून थळला पोहोचलो. होडी हेलकावू लागली, तशी सौ.ने माझी बाही घट्ट धरली.

खांदेरीवर वेताळाला नमस्कार केला, ठोकताच भांड्यासारखा वाजणारा दगड वाजवला आणि दीपगृहापाशी आलो. मुंबईच्या इंग्रजांना वचक बसावा म्हणून १६७९ साली शिवाजी महाराजांनी येथे तट बांधायला घेतला. इंग्रजांनी गलबते धाडली, पण काम थांबले नाही. पुढे इंग्रजी अमलात, १८६७ साली, येथे हा दिवा लागला. २०२५ मध्ये किल्ला जागतिक वारशात गेला.

मी हे कौतुकाने सांगत होतो. नाखवा म्हणाला, "वादळात आमचा बाप ह्याच दिव्याच्या अंदाजानं घरी आला, साहेब."

परतताना सौ.ने बाही धरली नाही. मागे वळून ती दिवा लागायची वाट पाहत होती.