निळा पंप, नारिंगी पंप

सप्टेंबर लागला की हॅमिल्टनमध्ये पानांचा रंग बदलायच्या आधीच आमच्या इमारतीत खोकला सुरू होतो. शाळा उघडतात, मुलं एकमेकांची सर्दी घरी आणतात. दम्यामुळे इस्पितळ गाठणाऱ्या मुलांची संख्या दर वर्षी सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास उसळी घेते, हे इथल्याच मॅकमास्टर विद्यापीठातल्या नील जॉन्स्टन आणि माल्कम सिअर्स यांनी आकडेवारीनिशी दाखवलं. पोस्टडॉक म्हणून आले तेव्हा मी ते निबंध वाचले होते. त्यातला आलेख जिना चढून माझ्या दारात येईल, असं मात्र वाटलं नव्हतं.

खालच्या मजल्यावर परभणीकडचं कुटुंब राहतं. गेल्या वर्षी एका रात्री वहिनी सात वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन वर आल्या. "ताई, याचा पंप संपलाय. तुमच्याकडे आहे का?" होता, मीही लहानपणापासूनची दमेकरी. निळ्या पंपाने त्याला जरा उतार पडला, तरी टॅक्सी करून आम्ही इमर्जन्सीत गेलोच.

पहाटे परतताना वहिनी म्हणाल्या, डॉक्टरांनी रोज घ्यायचा नारिंगी पंपही लिहून दिला होता. पण नवऱ्याचं काम कंत्राटी, विमा नाही. कुणाकडून तरी किंमत ऐकली आणि चिठ्ठी फडताळात ठेवून दिली. निळा तेवढा दवाखान्यातून नमुना म्हणून मिळालेला.

डॉक्टर फुकट, इस्पितळ फुकट, औषध मात्र पदराला खार लावून. १९८४ चा कॅनडा हेल्थ ॲक्ट इस्पितळाच्या दाराशी थांबतो. पण मुलांपुरती ही फट ऑन्टॅरिओ सरकारने बुजवली आहे. १ जानेवारी २०१८ ला सुरू झालेल्या 'ओहिप प्लस' योजनेत २४ वर्षांपर्यंतच्या सगळ्यांना ४,४०० हून अधिक औषधं मोफत मिळू लागली. एप्रिल २०१९ पासून ती फक्त खासगी विमा नसलेल्यांसाठी उरली. अर्ज भरावा लागत नाही. चिठ्ठी न्यायची, हेल्थ कार्ड दाखवायचं. ते कार्ड वहिनींच्या पर्समध्येच होतं. योजनेचं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पंप घरी आला, एक डॉलरही न देता. संध्याकाळी परभणीहून सासूबाईंचा फोन: "पोराला पंपाची सवय लावू नका."

हे वाक्य मला पाठ आहे. सोलापुरात लग्नकार्याला जाताना आई माझा पंप रुमालात गुंडाळून पर्सच्या तळाशी ठेवायची. दमेकरी मुलगी कोण करून घेईल, ही तिची भीती. पंप चारचौघांत काढायचा नाही म्हणून मी मांडवामागे जाऊन धापा टाकलेल्या आहेत. सरकारचा पैसा औषधाच्या दुकानापर्यंत पोचतो. तिथून मुलाच्या तोंडापर्यंतचं अंतर कुणीतरी शेजारी बसून पार करावं लागतं.

म्हणून बसले. निळा श्वासनळ्या काही तासांपुरत्या मोकळ्या करतो; नारिंगी आतली सूज हळूहळू कमी करतो, म्हणून तो बरं वाटत असतानाही घ्यायचा आणि नंतर चूळ भरायची. वहिनींनी सगळं वहीत लिहून घेतलं.

यंदा सप्टेंबरात पोराला सर्दी झाली आणि सर्दीच राहिली. परवा वहिनींनी फोन माझ्या हातात दिला. पलीकडून आजींनी विचारलं, "फुकट मिळतो म्हणता, मग चांगला असतो का गं?"

"चांगला असतो, आजी. मीही तोच घेते. फक्त मला विकत घ्यावा लागतो."