दिवसा उणे, रात्री उतू

‘ओसंडणे’ हे मराठीत सहसा सुखाचे क्रियापद आहे. आनंद ओसंडतो, माया ओसंडते. ‘उतू जाणे’ याविषयी मात्र आपल्या आज्यांच्या मनात धाक असे. उतू गेलेले दूध शुभ की अशुभ, यावर घरोघरी मतभेद असतील. ते वाया गेले, याविषयी दुमत नसे. एका जुन्या फ्रेंच मोटारीच्या तेलाच्या टाकीने या दोन्ही शब्दांचा आम्हांस फेरविचार करावयास लावला.

आमचा भाचा ल्यों शहरी नोकरीस आहे. तेथे त्याने १९७२ सालची सित्रोएन डी.एस. हौसेने विकत घेतली. ही मोटार प्रथम ऑक्टोबर १९५५ मध्ये पॅरिसच्या मोटार-प्रदर्शनात लोकांपुढे आली. तिच्या दोन आद्याक्षरांचा फ्रेंच उच्चार ‘दे-एस’, आणि त्या भाषेत ‘देएस’ म्हणजे देवी. रोलां बार्थ यांनी १९५७ च्या आपल्या ‘मिथॉलॉजीज’ या संग्रहात तिच्यावर निबंध लिहिला आहे. तेव्हा निबंधाच्या प्रांतात ही देवी परकी नाही.

पॉल माजेस या अभियंत्याने सिद्ध केलेल्या तिच्या सस्पेन्शनमध्ये पोलादी कमानी नाहीत. प्रत्येक चाकापाशी एक पोकळ धातूचा गोळा असतो. गोळ्याच्या आत रबरी पडदा. पडद्याच्या एका बाजूस दाबाने भरलेला नायट्रोजन वायू, दुसऱ्या बाजूस तेल. इंजिन सुरू झाले की पंप टाकीतील तेल ओढून दाबाने चाकांकडे धाडतो आणि बसलेली गाडी गाईसारखी आधी मागून, मग पुढून उठते. धक्का सोसतो तो वायू. तेल केवळ निरोप्याचे काम करते. गाडी उभी करून ठेवली की दाब हळूहळू ओसरतो, गाडी खाली बसते आणि तेल टाकीत परतते. म्हणूनच टाकीतील पातळी गाडीच्या बैठकीवर अवलंबून असते. ती मोजण्याचा नियम असा : इंजिन चालू ठेवावे, उंचीचा दांडा सर्वांत वरच्या खुणेवर न्यावा, गाडी पुरती उठली की मगच पाहावे.

आम्ही उन्हाळ्यात ल्योंला गेलो, तेव्हा भाचा त्रासून गेला होता. रोज सकाळी गाडीखाली हिरव्या तेलाचे थारोळे. इमारतीतील शेजाऱ्यांच्या तक्रारी. नियमाप्रमाणे गाडी उठवून पाहावे, तर टाकीत तेल कमी. तो भर घाली. रात्री टाकी पुन्हा झाकणाखालून वाहू लागे. दिवसा उणी आणि रात्री उतू जाणारी, अशी ही टाकी! एका गॅरेजने टाकी, पंप, नळ्या असे सर्वच बदलण्याचा सल्ला दिला. तो खर्च त्याच्या आवाक्याबाहेरचा होता. गाडी विकण्याची जाहिरातही त्याने लिहून ठेवली होती.

अखेर शेजारच्या गल्लीतील एक निवृत्त मेस्त्री आले. टाकीकडे त्यांनी पाहिलेच नाही. गाडीचा एक कोपरा तळहाताने दाबला. तो जेमतेम हलला. मग इंजिन सुरू करून ते कान देऊन उभे राहिले. दाब राखणाऱ्या यंत्राची टक्‌टक्‌ दर दोन-तीन सेकंदांनी होत होती. निरोगी गाडीत ती बऱ्याच अंतराने व्हावयास हवी. गोळ्यांतील वायू विरला होता. वायूने सोडलेली जागा दिवसा तेल व्यापी, म्हणून टाकी उणी दिसे. रात्री दाब गेला की उरलासुरला वायू फुगून ते सारे तेल परत लोटी, आणि टाकीत ते मावत नसे. गाडी कडक चालते, हे भाच्याला जाणवत होते. ते त्याने तिच्या वयावर घातले होते.

गोळे बदलले गेले. त्यानंतर वरच्या बैठकीत पातळी पाहून जादा तेल पिचकारीने काढून घ्यावे लागले; तसे न करते, तर नव्या गोळ्यांनिशीही टाकी वाहिली असती. मेस्त्रींनी दोन ताकिदी दिल्या. ही गाडी बसते, म्हणून भक्कम आधाराशिवाय तिच्याखाली कधीही शिरू नये. आणि १९६७ च्या सुमारास आलेले हिरवे खनिज तेल व त्याआधीचे तांबडे तेल यांची अदलाबदल करू नये. रबरी वायसर नासतात, आणि ब्रेकही याच तेलावर चालतात.

परतल्यावर आमच्या मंडळाच्या बैठकीत बसलो असता ती टाकी आठवत राहिली. गणेशोत्सवात आमचे सभागृह ओसंडून वाहते, दारात चपलांचे ढीग पडतात. एरवी वाचनालयात चार डोकी. ही उणीव पाहून आम्ही आणखी एक कार्यक्रम घालतो, म्हणजे तेलाची भर. पिढ्यान्‌पिढ्या परमुलुखात वसलेल्या आपल्या घरांत धक्के सोसले ते कशाने? जेवताना, रागावताना, हिशेब मांडताना सहज तोंडी येणाऱ्या मराठीने. ती दिसत नाही, म्हणून विरत चालली तरी कळत नाही. सणाची गर्दी पाहून सारे ठीक आहे असेच वाटते.

युरोपात २०१७ साली सी-५ या मोटारीचे उत्पादन थांबले आणि सित्रोएनच्या नव्या गाड्यांतून ही पद्धती गेली. जुन्या गाड्यांचे गोळे मात्र अजून बदलून मिळतात. पुढल्या बैठकीत उपस्थितीचा आकडा वाचण्याआधी प्रत्येकाने आपल्या नातवंडांशी घरी कोणत्या भाषेत बोलणे होते ते सांगावे, असे आम्ही सुचविले आहे. विषय कार्यक्रमपत्रिकेवर आला आहे.