क्रेट न बसणारी गाडी

निफाडमध्ये कुणाच्या दारात नवी गाडी उभी राहिली, की पेढा तोंडात पडायच्या आधी पहिला प्रश्न येतो – मागे क्रेट किती बसतात? कलर, मायलेज, म्युझिक सिस्टीम वगैरे सगळं नंतर. साहजिकच आहे म्हणा. द्राक्षं, कांदा आणि ऊस यांच्यावर चालणारा हा तालुका. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत याच तालुक्यात येतात. इथे गाडीने राबायचं असतं. शोभेला बैल कोण पाळतं?

माझ्या मामेभावाकडे, म्हणजे आमच्या दादाकडे, मात्र एक अशी गाडी आहे, जिच्यात आजवर एकही क्रेट चढलेला नाही. जागा नाही म्हणून नव्हे. सीट पाडली तर पाच-सहा आरामात बसतील. पण ठेवायची कुणाची टाप नाही! लाल रंगाची फियाट पॅलिओ, १.६ जीटीएक्स, २००२ चं मॉडेल. नंबर अर्थातच एमएच-१५. दादाने ती २०१२ मध्ये घेतली, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता आणि गाडी दहा. आधीच दोन हातांतून गेलेली. किंमत ऐंशी हजार. तेवढ्यात तेव्हा एक बऱ्यापैकी नवी बाइक यायची. मामा म्हणाले होते, "बाइक घेतली असती तर निदान पेट्रोल तरी वाचलं असतं."

मामांचं चूक नव्हतं. पॅलिओ लिटरला दहाच्या आसपास देते, तेही तिचा मूड असेल तर. आणि तरीही माझ्या ओळखीत या गाडीइतकी लाडाची दुसरी गाडी नाही. का? हा प्रश्न मला हल्ली फार छळतोय. कारण गाडीचं काय करायचं, हे ठरवायची वेळ आलीय आणि त्या निर्णयात मीही अडकलेय. पण ते पुढे सांगते.

आपल्या नशिबी स्पोर्ट्स कार कुठली?

परवडणारी, जुनी स्पोर्ट्स कार हा तसा परदेशी शौक. तिकडे त्यासाठी माझदा एमएक्स-५ आहे. १९८९ मध्ये आलेली, दोन सीटची, छत उघडणारी छोटीशी गाडी. २०१६ मध्ये तिचा दहा लाखांचा आकडा पूर्ण झाला. फार ताकद नाही, फार किंमत नाही, पण चालवणारा खूश! तिच्यामागची जपानी कल्पना आहे 'जिनबा इत्ताई', म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव होणं.

आपल्याकडे असा प्रयत्न झालाच नाही असं नाही. १९९० च्या दशकाच्या शेवटी गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटची गाडी तयार झाली. फायबरची बॉडी, रेनॉचं बाराशे सीसीचं इंजिन. दिसायला एकदम झकास. पण ज्या देशात चार सीटच्या गाडीत सात जण लग्नाला जातात, तिथे दोन सीटच्या गाडीला विचारतो कोण? फार थोड्याच रस्त्यावर आल्या. आज एखादी दिसली, तर लोक वळून वळून बघतात.

मग आपल्या मध्यमवर्गीय पोरांनी काय केलं? घरच्यांना दाखवायला चार दरवाजे आणि डिकी, आणि बॉनेटखाली थोडा जास्तीचा दंगा, अशा गाड्या शोधल्या. होंडा सिटी व्हीटेक, फोर्ड आयकॉन १.६, आणि आमची पॅलिओ १.६. हीच आपली गरिबाची स्पोर्ट्स कार.

पॅलिओ भारतात आली २००१ मध्ये. बांधली जायची मुंबईत, कुर्ल्याला. पद्मिनी, म्हणजे मुंबईची ती काळी-पिवळी टॅक्सी, तीही कुर्ल्याचीच. जीटीएक्सचं इंजिन १५९६ सीसीचं, १६ व्हॉल्व्हचं, ताकद सुमारे १०० बीएचपी. आज हा आकडा ऐकून कुणी भुवई उंचावणार नाही. पण तेव्हा बहुतेक घरांपुढे मारुती ८०० असायची आणि तिची ताकद होती ३७ बीएचपी! पॅलिओची जाहिरात करायचा साक्षात सचिन. ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केली म्हणून २००२ मध्ये फियाटने सचिनला फेरारी ३६० मोडेना भेट दिली, मायकेल शूमाकरच्या हस्ते. फेरारी तेव्हा फियाटच्याच घरातली. दादाचं लॉजिक त्यामुळे सोपं आहे. सचिनला मिळाली ती थोरली बहीण, आपल्याला मिळाली ती धाकटी.

मीटर बघू नकोस, ऐक!

मी गाडी चालवायला शिकले ती या पॅलिओवर, बारावीच्या सुट्टीत. निफाडहून खानगाव थडीकडे, नांदूरमधमेश्वरच्या धरणाकडे जाणारा रस्ता. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं ते पक्षी अभयारण्य, २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालेलं. लोक तिथे फ्लेमिंगो बघायला जातात. मी जायचे थर्ड गिअर शिकायला.

दादाची शिकवणी अजब होती. "मीटर बघू नकोस, ऐक! ती सांगेल तेव्हा गिअर टाक." मला वाटायचं, काय पकवतोय हा! पण पंधरा दिवसांत खरंच कळायला लागलं. साडेतीन हजाराच्या पुढे इंजिनाचा आवाज बदलतो. आधी घसा खाकरल्यासारखा आणि मग मोकळा. स्टिअरिंग हातात जड लागतं, पण रस्त्यात खडी कुठे आहे, डांबर कुठे उखडलंय, ते तळव्याला समजतं. वळण घेताना गाडी डुलत नाही, रस्त्याला चिकटून असते. आणि गंमत म्हणजे, हे सगळं साठ-सत्तरच्या स्पीडला.

इथेच मला पहिलं उत्तर सापडतं. आज माझ्या मित्रमैत्रिणींकडे मस्त नव्या गाड्या आहेत. शंभरच्या स्पीडला आत बसून कुजबुजत बोलता येतं. सुरक्षितही आहेत, त्याबद्दल वादच नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वीची गाडी त्या बाबतीत त्यांच्या जवळपासही फिरकत नाही. पण त्या गाड्यांमध्ये मी प्रवासी असते. स्टिअरिंगमागे बसलेली, पण प्रवासीच. पॅलिओत मला काम असतं. क्लच, गिअर, कान, डोळे, सगळं कामाला लागलेलं. खानगाव थडीपर्यंतच्या त्या छोट्याशा पट्ट्यात मोबाइलची आठवणसुद्धा येत नाही. याला तुम्ही स्ट्रेसबस्टर म्हणा, मेडिटेशन म्हणा. मी ड्रायव्हिंग म्हणते.

तसं 'पॅलिओ' हे नाव घोड्यांच्या शर्यतीचं आहे. इटलीतल्या सिएना शहरात दरवर्षी २ जुलै आणि १६ ऑगस्टला भरचौकात ही शर्यत होते. घोड्यावर खोगीर नसतं. स्वाराने नुसत्या मांड्यांच्या जोरावर टिकून राहायचं. पडलात तर तुमचं नशीब. जपान्यांचा तो घोडा आणि स्वार, आणि इटलीचा हा बिनखोगिराचा घोडा. दोघांना जे म्हणायचंय, ते दादा चार शब्दांत सांगून मोकळा झाला होता.

हँडलच्या बदल्यात थॉमसन

दुसरं उत्तर आहे 'परवडणारी' या शब्दात. महागडी जुनी गाडी असेल तर तिच्यासाठी ड्रायव्हर, कव्हर, गॅरेज, सगळा थाट लागतो. ऐंशी हजारांच्या गाडीला हात लावायची भीती वाटत नाही. दादाने पॅलिओ स्वतः उघडली. आधी स्पार्क प्लग, मग एअर फिल्टर, मग होज पाइप. टायमिंग बेल्ट मुदतीआधी बदलायचा, हा तर आमच्या घरातला नियम, घटस्थापनेइतकाच पक्का. निफाडची थंडी तुम्हाला पेपरमधून माहीत असेलच. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा घसरला की राज्यभर बातमी होते. अशा रात्री द्राक्षमणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटतात. दादा पहाटे बागेतून परत येतो आणि आधी पॅलिओ स्टार्ट करून बघतो. वहिनी म्हणते, "आमची एवढी चौकशी केली असतीत तर!"

पार्ट्सची कथा त्याहून भारी. कुर्ल्याचा तो कारखाना आता नाही. पुढे फियाटचं काम रांजणगावला गेलं, तिथून आज टाटा आणि जीपच्या गाड्या निघतात, आणि फियाटच्या नावाने नवी गाडी आता भारतात विकली जात नाही. मग पार्ट मिळवायचे कुठून? पुन्हा कुर्ल्यातूनच! तिथल्या जुन्या स्पेअर पार्ट्सच्या बाजारातून. जिथे जन्मली, तिथलंच भंगार तिला जगवतंय.

आणि उरलेलं माणसांकडून. दादाच्या ओळखीत सिन्नरचे एक डॉक्टर आहेत, ओझरच्या एचएएलमधून रिटायर झालेले एक काका आहेत, मालेगावचा एक मेकॅनिक आहे. या सगळ्यांना जोडणारी गोष्ट एकच, पॅलिओ. डॉक्टरांकडे जास्तीचं डोअर हँडल होतं, ते आलं. त्या बदल्यात आमच्याकडून थॉमसनची पेटी गेली. काकांनी एक सेन्सर असा शोधून काढला की बास रे बास! मेकॅनिकने फोनवर आवाज ऐकून फॉल्ट सांगितला. या लोकांची एरवी एकमेकांशी ओळख व्हायचं कारण काय होतं? नवी गाडी घेतलेला माणूस सर्व्हिस सेंटरला फोन करतो. जुनी गाडी घेतलेला माणसाला फोन करतो.

पण हिशेब तर करावाच लागेल

आता त्या निर्णयाबद्दल. दादाची मुलं मोठी होताहेत. मामींचे गुडघे दुखतात, त्यांना पॅलिओतून उठताना दोघांचा हात लागतो. गेल्या वर्षी घरात एसयूव्ही आली (क्रेट बसतात, विचारू नका!). आणि २०२७ मध्ये पॅलिओच्या रजिस्ट्रेशनची मुदत संपतेय.

खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं. नंतर दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण. वीस वर्षं ओलांडलेल्या कारसाठी ही फी ऑगस्ट २०२५ मध्ये दहा हजार रुपये झाली. शिवाय पर्यावरण कर, नवी नंबरप्लेट, इन्शुरन्स. त्यात पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल. जुन्या गाड्यांमधले काही रबरी भाग, गॅस्केट त्यामुळे बदलावे लागू शकतात, हे सरकारनेही मान्य केलंय. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं, त्यामुळे गाडी महिनोन् महिने नुसती उभी ठेवणं बरं नाही. गंमत बघा, हे इथेनॉल येतं ऊस आणि मक्यातून. म्हणजे निफाडच्या शिवारात जे पिकतं, तेच निफाडच्या पॅलिओला पचायला जड! मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "मंग काय, ऊस लावू नको का आता?"

त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. उसाला भाव मिळावा, हवा स्वच्छ राहावी, हे मलाही हवंय. वय झालेल्या गाड्या रस्त्यावरून जायला हव्यात, हेही पटतं. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मर्यादा गाठून थांबली, तेव्हा लोकांना भरून आलं होतं. पण रोज त्या टॅक्सीत बारा-बारा तास घाम गाळणाऱ्या ड्रायव्हरला विचारलं असतं, तर त्याने कदाचित सुटलो म्हटलं असतं. गाडीवर प्रेम करायला ती रोजीरोटीची नसावी लागते, हे खरंय. आमच्या पॅलिओचं भाग्य हे की तिच्याकडून कुणी पोटापाण्याचं काम करून घेतलं नाही.

दादाने स्क्रॅपचा भाव काढून ठेवलाय. मला सांगताना त्याने आकडा दोनदा चुकीचा सांगितला. मग हळूच विचारलं, "तू घेतेस का?"

मी फ्रीलान्स पत्रकार. एका लेखाचा चेक कधी येईल, हे चेक देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते, पार्किंगमध्ये माझ्या वाट्याला एका स्कूटरची जागा. तिथे पॅलिओ आणणं म्हणजे वाड्यातली म्हैस बाल्कनीत बांधण्यासारखं. हो म्हणायला जीभ रेटेना आणि नाही म्हणायला तर मुळीच नाही.

शेवटी मी व्यवहार मांडला. गाडी निफाडमध्येच राहील. रजिस्ट्रेशनची फी अर्धी-अर्धी. इथेनॉलला टिकणारे नवे होज पाइप माझ्याकडून, बसवायची मेहनत दादाची. आठवड्यातून एकदा तिला खानगाव थडीपर्यंत फिरवून आणायचं, म्हणजे टाकीत पेट्रोल सडणार नाही. दादा घरी असेल तर दादाने, मी आले तर मी. आणि त्याची मोठी मुलगी अठरा वर्षांची झाली की याच रस्त्यावर, याच गाडीवर तिची शिकवणी. तपासणीत गाडी नापास झाली, तर मात्र रडारड नाही. निमूटपणे स्क्रॅप.

दादा म्हणाला, "तुझ्या अर्ध्या वाट्याचे पाच हजार कधी देतेस?"

गेल्या महिन्यात एका लेखाचा चेक आला. त्यातले दोन हजार बाजूला काढून ठेवलेत. उरलेले तीन या लेखाचे.