घोसाळ्याची जाळी

परसातल्या मांडवावरचं एक घोसाळं आई दरवर्षी बियाण्यासाठी राखायची. उन्हात ते आधी पिवळं, मग तपकिरी होत जायचं आणि एखाद्या सकाळी कानाशी हलवलं की आत बिया खुळखुळायच्या. साल पापडासारखी चुरत उतरली की हातात उरायची ती पांढुरकी, हलकी जाळी, उजेडाकडे धरली की देठापासून टोकापर्यंत गेलेल्या पोकळ वाटा दाखवणारी. गर गेलेला. वाटा तशाच.

खिडकीची काच फुटून आईच्या मनगटातली नस, म्हणजे मज्जातंतू, तुटली, तेव्हा ती जाळी मला पुन्हा आठवली. नसेचा मधला तुकडाच गेला होता, टोकं जुळत नव्हती. डॉक्टरांनी तिच्याच पोटरीतली एक नस काढून तिथं सांधली. पुढं दर महिन्याला ते तिच्या तळव्यावर बोटानं हलक्या टिचक्या मारत आणि आई डोळे मिटून म्हणे, “इथं. इथं मुंग्या येतायत.” मागच्या खेपेपेक्षा ती जागा थोडी पुढं सरकलेली असे. 1915 साली, महायुद्धाच्या धुमाळीत, जूल तिनेल या फ्रेंच डॉक्टरनं जखमी सैनिकांच्या नसांवर बोट टिचकावून हीच खूण टिपली होती. नस वाढते दिवसाला जेमतेम 1 मिलिमीटर. ज्वारीच्या एका दाण्याएवढी वाट चालायला चार दिवस.

तुटीच्या पलीकडचे तंतू विरून जातात, पण त्यांच्याभोवतीच्या बारीक नळ्या मागं राहतात आणि नवा कोंब त्यांच्या भिंती चाचपत पुढं निघतो. हे उमगलेल्या माणसांनी मग मरणोत्तर दान केलेली नस हाती घेतली आणि साबणासारख्या द्रावणांत धुऊन तिच्यातल्या पेशी काढून टाकल्या, कारण परकी पेशी दिसली की शरीर चवताळतं. फार धुतलं तर नळ्या विस्कटतात, कमी धुतलं तर परकेपण उरतं. 2004 साली अमेरिकेत ऑस्टिनला क्रिस्टीन श्मिट आणि सहकाऱ्यांनी हे धुणं इतकं हळुवार केलं, की पेशी गेल्या आणि नळ्यांची घडण पुष्कळशी शाबूत राहिली. कुणा अनोळखी माणसाच्या हातापायांत आयुष्यभर स्पर्श वाहून नेलेली ती वाट, आता रिकामी, स्वच्छ, दुसऱ्या कुणाच्या कोंबाची वाट बघत असलेली. मला तिच्यापुढं हात जोडावेसे वाटतात.

अशा नसा आज प्रत्यक्ष शस्त्रक्रियांत वापरतात. मात्र त्यांत आधार द्यायला जिवंत पेशी नसतात, त्या रुग्णाच्याच शरीरातून आत वस्तीला याव्या लागतात. म्हणून अंतर लांबलचक असलं की डॉक्टर अजून स्वतःच्याच नसेवर भिस्त ठेवतात.

आईच्या करंगळीला आता चहाच्या कपाची ऊब कळते. पण ज्या पायातली नस काढली, त्या डाव्या पायाच्या पावलाची बाहेरची कड आजही बधिर आहे. तिथं खडा टोचला तरी तिला कळत नाही.