सोलापूरची फुले आणि ओला माठ

सोलापूर हे कोरड्या हवेचे गाव. वैशाखात येथे पारा ४० अंशांच्या वर चढतो आणि पहाटे आणलेला मोगरा दुपारची पाने मांडण्यापूर्वीच मान टाकतो. तरी फुलांची हौस येथे उणी नाही. तळ्यातील श्रीसिद्धेश्वराच्या मंदिराकडे जावे, तो वाटेवर हार, सुटी फुले व बेल यांच्या दुरड्या मांडलेल्या दिसतात.

बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांचे हे गाव. त्यांच्या योगदंडाशी एका कुंभारकन्येने विवाह लाविला, अशी कथा असून मकरसंक्रांतीच्या सुमारास गड्ड्याच्या यात्रेत तो सोहळा दरवर्षी साजरा होतो. फुले टिकविण्याच्या कामीही येथे कुंभाराचाच आश्रय घ्यावा लागतो, हा योग आम्हांस मोठा गोड वाटतो.

फूल कोमेजते ते पाकळ्यांतून जाणारे पाणी देठातून येणाऱ्या पाण्याहून अधिक झाले म्हणजे. कोरडी हवा हे पाणी झपाट्याने शोषते. परंतु हीच हवा ओल्या माठाचे पाणीही तितक्याच वेगाने उडविते, व त्या उडण्यात माठातील उष्णता निघून जाते. कोकणच्या दमट हवेत ही युक्ती फारशी चालत नाही. येथे मात्र वैरीच मित्र होतो.

याकरिता एका मोठ्या मातीच्या माठात वाळू घालून ती भिजवावी व तीत लहान मडके बसवावे. मोगरा, जाई, जुई अशी बिनदेठाची फुले ओलसर पंचात सैल गुंडाळून मडक्यात ठेवावी. पाण्यात बुडवू नयेत, कारण थेंब साचल्यास पाकळी काळवंडते. वर ओले फडके घालून माठ सावलीत, पण वाऱ्यावर ठेवावा. सकाळ-संध्याकाळ वाळूवर पाणी शिंपडले की पुरे.

निशिगंध, शेवंती, गुलाब यांचे देठ पाण्यात बुडवूनच धारदार सुरीने तिरपे कापावे, म्हणजे देठाच्या नळ्यांत हवा शिरत नाही. पाण्याखाली येणारी पाने काढून टाकावी. ती कुजून जंतू माजतात व नळ्या तुंबतात. पाणी रोज बदलावे. आणखी एक गोष्ट आमच्या भगिनीवर्गाने ध्यानी धरावी: आंब्यांची आढी ज्या खोलीत, त्या खोलीत फुले नकोत. पिकत्या फळांतून इथिलीन नावाचा वायू सुटतो, व त्याने पुष्कळ फुले अकाली गळतात.

आता आमच्या घरातील वडीलधाऱ्यांनी काढिलेली शंका. रात्रभर ठेवलेले फूल पर्युषित, म्हणजे शिळे; ते देवास कसे चालावे? शंका रास्त आहे. मात्र तुळस व बेल यांस शास्त्रकार हा दोष मानीत नाहीत. इतकेच नव्हे, माळ्याच्या घरी ठेवलेल्या फुलांसही तो नाही, असे वचन आहे. फूल राखण्याची विद्या माळ्यास अवगत असते, हे त्यांनी ओळखले असावे. तथापि गृहस्थाने देवास ताजेच फूल वाहावे आणि माठातले वेणीस व बैठकीस योजावे, हे आम्हांस बरे वाटते.

दुसरी शंका याहून कठीण. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले, तरी या शहरातील घरांस वर्षानुवर्षे नळाचे पाणी कित्येक दिवसांच्या अंतराने मिळत आले. जेथे सून हंडे मोजून पाणी वापरते, तेथे फुलांचे लाड कशाला? आमचे उत्तर असे, की माठास दिवसाकाठी दोन तांबे पुरतात, आणि फुलदाणीतील उतरलेले पाणी तुळशीस घालता येते. शिवाय जे फूल दोन दिवस टिकते, ते दुसऱ्या दिवशी विकत आणावे लागत नाही. आणि ते पिकविण्यासही शेतकऱ्याने पाणीच दिलेले असते. त्या पाण्याचे चीज करणे म्हणजे चैन नव्हे, काटकसरच होय.