वाऱ्याला वाट हवी

वार्धक्यात माणसाच्या इच्छा थोड्या उरतात. पण ज्या उरतात, त्या फार खोल असतात. माझ्या आईचे वय चौऱ्याऐंशी. कोल्हापुरात राहून अंबाबाईचे दर्शन तिला आयुष्यभर घडले. साडेतीन शक्तिपीठांपैकी तुळजापूरलाही एकदा जाऊन यावे, एवढीच तिची इच्छा उरली होती. आड येत होत्या दोन गोष्टी: तिचे जुने हृदयरोगाचे दुखणे आणि एप्रिलचे ऊन. परगावी असलेला धाकटा भाऊ सुटीवर येणार होता तो एप्रिलमध्येच. डॉक्टरांनी परवानगी दिली ती दोन अटींवर. आईने प्रवास आडवे होऊन किंवा रेलून करावा, आणि कोणत्याही परिस्थितीत तिला उष्म्याचा त्रास होऊ देऊ नये.

पहिली अट मावसभावाच्या गाडीने सोडवली. त्याने एका टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये मागच्या आसनांच्या जागी पलंग, छोटा ओटा आणि पाण्याची टाकी बसवून घेतली आहे. अशा गाडीला हल्ली कॅराव्हॅन म्हणतात. महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही आखले. वातानुकूलन होतेच. तरीही निघण्यापूर्वी आठ दिवस आम्ही भर दुपारी पन्हाळ्याच्या रस्त्यावर गाडी फिरवून पाहिली. मी घरातील दोन साधे तापमापक सोबत घेतले होते. चालकाच्या मागच्या आसनाजवळ 22 अंश, तर मागच्या पलंगाजवळ 31! पुढे बसलेला माणूस शाल मागेल आणि मागे निजलेला घामाघूम होईल, अशी ती गंमत होती. आणि आई निजणार होती मागे.

वय वाढले की देहाची स्वतःला थंड ठेवण्याची शक्ती मंदावते. घाम कमी आणि उशिरा येतो, त्वचेकडे रक्त पुरेसे धावत नाही, तहान लागल्याचे नीट कळत नाही. आईसारख्यांना लघवी साफ होण्यासाठी दिलेली गोळी शरीरातील पाणी आणखी घटवते. थंडीलाही वृद्ध देह तितक्याच उशिरा प्रतिसाद देतो. म्हणून त्यांच्यासाठी तीव्र गारव्यापेक्षा सर्वत्र सारखा, सौम्य गारवा हितकर असतो.

गाडी आम्ही शिवाजी उद्यमनगरातील एका अनुभवी मिस्त्रींकडे नेली. मला वाटले होते, ते गॅस भरायला सांगतील. त्यांनी मात्र आधी उदबत्ती पेटवली. प्रत्येक झरोक्यासमोर ती धरून धूर कुठे वळतो, हे ते शांतपणे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘‘ताई, मशीन झ्याक हाय. वारं वाटंतच मरतंय.’’

एसी थंड हवा निर्माण करतो, असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात तो आतलीच हवा ओढतो, थंड नळ्यांच्या जाळ्यावरून नेतो, तिच्यातील उष्णता व दमटपणा काढून घेतो आणि पुन्हा आत सोडतो. म्हणजे हवेला जायची वाट हवी, तशी परतायचीही. आमच्या गाडीत दोन्ही वाटा अडल्या होत्या. गाडी सजवणाऱ्याने परतीच्या जाळीसमोर कपाट उभे केले होते. फिल्टरवर धुळीचा नमदा बसला होता. छतातील डक्टचे सांधे उघडे असल्याने थंड हवा फळीच्या वरच्या पोकळीत पसरत होती. थोडी तर पलंगापर्यंत न पोहोचताच थेट परतीच्या जाळीत शिरत होती. थंड हवाच पुन्हा थंड होत होती आणि मागची गरम हवा जागची हलत नव्हती.

उपाय साधे होते. कपाट हलवले. फिल्टर धुऊन, पूर्ण वाळवून बसवला. डक्टचे सांधे ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीने बंद केले. साध्या कापडी पट्टीचा गोंद उष्णतेने सुटतो. जाणारी आणि परतणारी हवा यांच्यामध्ये फोमची पट्टी बसवली. डक्टच्या काटकोनी वळणात पत्र्याचा गोलसर तुकडा बसवला, म्हणजे हवा आपटून घुटमळत नाही. पुढचे झरोके अर्धे मिटले. मागच्या काचांना जाड पडदे लावले. त्यानंतर त्याच रस्त्यावर, तशाच दुपारी पुढे 24 आणि मागे 26 अंश भरले.

आपल्या घरच्या गाडीतही हे सहज तपासता येते. झरोक्यातून येणारी हवा परतीच्या जाळीजवळच्या हवेपेक्षा साधारण 8 ते 12 अंशांनी थंड असेल, तर यंत्र बहुधा ठीक असते. तरीही गारवा पोहोचत नसेल, तर दोष वाटेत शोधावा. तापलेल्या गाडीत बसताना आधी दारे-खिडक्या उघडून कोंडलेली हवा बाहेर जाऊ द्यावी आणि मग एसी लावावा.

काळजीवाहकांनी आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. झोत मानेवर, डोळ्यांवर किंवा गुडघ्यांवर थेट येऊ देऊ नये. तो छताच्या दिशेने वळवावा, थंड हवा आपोआप खाली उतरते. आतलीच हवा तासन् तास फिरत राहिली की कोंदटपणा वाढतो, जडपणा येतो. म्हणून अधूनमधून बाहेरची हवा घ्यावी. उभ्या बंद गाडीत वृद्धांना एकटे ठेवू नये. काही मिनिटांतच आतली हवा धोकादायक तापते. इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवून बंद गाडीत झोपू नये, कारण कार्बन मोनॉक्साईड या विषारी वायूला रंगही नसतो आणि वासही. पाणी किती द्यावे, हे हृदय व मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डॉक्टरांनाच विचारावे. उन्हात असंबद्ध बोलणे, अंग तापणे, भोवळ अशी लक्षणे दिसताच रुग्णाला सावलीत न्यावे, अंग ओले करून वारा घालावा आणि 108 ला फोन करावा.

आम्ही पहाटे चार वाजता निघालो. मिरज, सांगोला, मंगळवेढा, सोलापूर असे सुमारे पावणेतीनशे किलोमीटर. दर दोन तासांनी थांबत, आईला चार पावले चालवत. मंगळवेढ्याच्या पुढे ऊन चढले. मी तिच्या कपाळाला, तळपायांना हात लावून पाहत होते. तापमापकापेक्षा ते माप मला अधिक जवळचे. तळपाय ना तापलेले, ना गार पडलेले. ‘‘अगं, किती वेळा बघशील? वाडयाच्या चौकात निजल्यासारखं वाटतंय,’’ ती म्हणाली.

तिची उपमा अगदी नेमकी होती. जुन्या वाडयांच्या चौकात गरम हवा वर निघून जाई, तिच्या जागी सोप्यातून गार हवा येई. तिथे यंत्र नव्हते, वाट मात्र होती. दुपारी तुळजापूर आले. ऊन उतरेपर्यंत आम्ही भक्तनिवासात थांबलो आणि सायंकाळी भवानीसमोर तिची चाकांची खुर्ची उभी केली. तिने हात जोडले, ते बराच वेळ खाली आलेच नाहीत.