साडेसहा की तीनशे आठ?

करावे, नवी मुंबई

प्रिय विन्या,

तुझा मेसेज वाचून आधी हसू आलं, मग हेवा वाटला. एनसीसीच्या कॅम्पात चार-पाच गोळ्या झाडायला आपल्याला तासन्‌तास रांगेत बसवायचे आणि नंतर पुंगळ्या मोजून परत घ्यायचे, आठवतं ना? आणि आता तू ह्यूस्टनच्या दुकानात उभा राहून विचारतोस, ‘हजार यार्डांवर नेम मारायचाय, .२२३ घेऊ, ६.५ क्रीडमूर घेऊ की .३०८?’ दुकानदार तिन्ही छान म्हणतो म्हणे. म्हणणारच की! त्याला तिन्ही खपवायच्यात.

इथे हा प्रश्न पडायची सोयच नाही. आपल्याकडे काडतूस परवाना ठरवतो. लष्कराचं काडतूस ज्या बंदुकीत बसतं ती सामान्य माणसाला निषिद्ध. म्हणजे .३०३ गेली, ७.६२ गेली. तुझी .३०८ ही त्या ७.६२ची सख्खी बहीण आणि .२२३ ही इन्सास रायफलच्या ५.५६ची. उरतं काय, तर सरकारी कारखान्यातली .३१५, .३०-०६ आणि नेमबाजांची आपली पॉइंट टू-टू. २०१९च्या दुरुस्तीनंतर साध्या परवानाधारकाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात. नामवंत खेळाडूंना सूट आहे, पण मी कुठला नामवंत! बरं, काडतुसं बनवण्यात महाराष्ट्र मागे आहे असंही नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा, आणि जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावला ५.५६ नि ७.६२ची काडतुसं बनतात. फक्त ती तुझ्यामाझ्यासाठी नसतात.

तर क्रीडमूर माझ्या हाती लागायची नाही. पण बॅलिस्टिक्सच्या तक्त्यांना परवाना लागत नाही, आणि ते वाचायची मला जुनी खोड आहे. तेव्हा ऐक.

.३०८ विंचेस्टर १९५२चं. त्याची लांब पल्ल्याची नेहमीची गोळी १७५ ग्रेनची, म्हणजे ११ ग्रॅमहून थोडी जास्त, नळीतून सेकंदाला ७९० मीटरच्या आसपास वेगाने निघते. क्रीडमूर होर्नाडी कंपनीने २००७-०८च्या सुमारास बाजारात आणलं. १८७३ साली न्यू यॉर्कजवळ लाँग आयलंडवर सुरू झालेल्या क्रीडमूर रेंजवरून त्याचं नाव पडलं. त्याची १४० ग्रेनची गोळी जेमतेम ९ ग्रॅमची, पण लांब आणि सडपातळ, आणि वेग ८२५च्या घरात. हलकी असूनही ती वेग धरून ठेवते, कारण हवा कापत जाते. हजार यार्डांवर पोचेपर्यंत .३०८ आवाजाच्या वेगाच्या जवळ येऊन डगमगायच्या बेतात असते, साडेसहा अजून तोऱ्यात असते. अमेरिकेला हे आत्ता कळलंय असं समजू नकोस. स्वीडन-नॉर्वेवाले साडेसहा मिलिमीटरचं काडतूस १८९४ पासून वापरतात. .२२३ची ७७ ग्रेनची गोळी तर फक्त पाच ग्रॅमची. तिचा धक्का लहान मुलालाही सोसेल, काडतुसं स्वस्त, पण हजार यार्डांवर वारा तिला उचलूनच नेतो. ८०-९० ग्रेनच्या जड गोळ्याही मिळतात, पण त्यांना आटे जवळजवळ असलेली नळी लागते, सात-आठ इंचांत एक फेरा घालणारी.

आता वारा. ताशी दहा मैलांचा, म्हणजे १६ किलोमीटरचा आडवा वारा हजार यार्डांत .३०८ला अडीच मीटरच्या आसपास बाजूला नेतो, क्रीडमूरला पावणेदोन मीटरच्या आसपास, ७७ ग्रेनच्या .२२३ला तीन मीटरच्याही पलीकडे. हे ढोबळ आकडे आहेत, हवा नि वेग बदलले की थोडे हलतात. कुणीही इथे थांबेल आणि म्हणेल, ‘बघा, क्रीडमूर जिंकली!’

पण हिशेब एक पायरी पुढे ने. तुमच्याकडच्या एफ-क्लास स्पर्धेत हजार यार्डांवरचं दहाचं वर्तुळ दहा इंचांचं असतं. मध्यापासून कडेपर्यंत पावणेतेरा सेंटिमीटर. वारा ओळखण्यात तुझा फक्त एका मैलाचा फरक पडला, तर .३०८ची गोळी पाव मीटरभर सरकते आणि क्रीडमूरची सतरा-अठरा सेंटिमीटर. दोन्ही दहाच्या बाहेर! क्रीडमूर नवात आरामात बसेल, .३०८ नवाच्या अगदी कडेला, एवढाच फरक. एका मैलाचा वारा म्हणजे गालाला जेमतेम कळतो तेवढा. महागडं काडतूस तुझी चूक थोडी लहान करतं, चूक करायचं थांबवत नाही.

म्हणून मी पॉइंट टू-टूवर येतो, आणि तू नाक मुरडू नकोस. हे काडतूस १८८७चं, गोळी ४० ग्रेनची, अडीच ग्रॅमच्या आसपास. पेटवणारं रसायन बुडाच्या कडेच्या वळीत भरलेलं, त्यामुळे पुंगळी पुन्हा भरता येत नाही. स्पर्धेच्या गोळीचा वेग मुद्दाम आवाजाच्या खाली, सेकंदाला सव्वातीनशे मीटर ठेवतात, म्हणजे वाटेत तो उंबरठा ओलांडायची भानगडच नाही. पन्नास मीटरवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, आणि सेकंदाला एक मीटरची आडवी झुळूक गोळीला साधारण पाच मिलिमीटर सरकवते. मध्यावर धरलेली गोळी थेट वर्तुळाच्या कडेला. आणि तीच .२२ दोनशे यार्डांवर वाऱ्याने जितक्या कोनातून वळते, जवळपास तितक्याच कोनातून क्रीडमूर हजार यार्डांवर वळते. म्हणजे हजार यार्डांची शाळा दोनशे यार्डांत, तीही थोडक्या पैशांत.

शिवाय .२२मध्ये बाकीचं सगळं उघडं पडतं. इथले मुरलेले नेमबाज एलीच्या डबीवर छापलेला लॉट नंबर नि वेग बघून घेतात. एकाच कंपनीचा, एकाच नावाचा माल, पण एक लॉट तुझ्या नळीला मानवतो आणि दुसरा नाही. रायफल शिकंज्यात घट्ट धरून लॉटमागून लॉट झाडायचा, गोळ्यांचा झुबका मोजायचा, आणि जो जमला त्याची पेटीच उचलायची. लापुआ, आरडब्ल्यूएस, एली, सगळा बाहेरून येणारा माल.

आणि .२२ला कमी लेखू नकोस, ती आपल्या घरची आहे. तेजस्विनी सावंतने २०१०च्या म्युनिक जागतिक स्पर्धेत पन्नास मीटरवर पोटावर झोपून ६०० पैकी ५९७ गुण मारले आणि सुवर्ण आणलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये गुडघ्यावर, पोटावर आणि उभ्याने अशा तीन स्थितींच्या स्पर्धेत कांस्य मिळवलं. खाशाबा जाधवांच्या १९५२च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक तेव्हा आलं! दोघंही कोल्हापूरची, दोघांच्या हाती तीच अडीच ग्रॅमची गोळी. शेजारी पनवेलला सुमा शिरूर शिकवतात. त्यांनी २००४ला क्वालालंपूरला एअर रायफलवर ४०० पैकी ४०० केले होते. पण दहा मीटर म्हणजे बंद हॉल, तिथे वारा नाही. तुला तर वाऱ्याशीच लढायचंय.

त्याची तालीम फुकट होते. मी संध्याकाळी पामबीच रस्त्याच्या कडेने खारफुटीकडे फिरायला जातो तेव्हा हाच खेळ खेळतो. चेहऱ्याला जाणवला की तीन ते पाच मैल, पानं सारखी सळसळली की पाच ते आठ, धूळ-कागद उडाले की आठ ते बारा. अमेरिकन सैनिकांची आणखी एक युक्ती आहे: झेंडा काठीपासून जितके अंश उचललेला दिसेल त्याला चारने भागायचं, उत्तर ताशी मैलांत. देवळावरचा झेंडा चाळीस अंश उचललाय, म्हणजे दहा मैल. मग मी विचारतो, आडवा आहे की तिरका? नेमाच्या रेषेशी तीस अंशांनी येत असेल तर निम्माच धरायचा. सकाळी जमिनीवरून येणारा वारा दुपारी फिरतो, त्यामुळे सकाळचा अंदाज संध्याकाळी कुचकामी ठरतो. बायको म्हणते, देवळासमोर उभा राहून हा माणूस काय गणितं करतो! तिला काय सांगू?

आता माझा कौल. आधी तुझ्या क्लबात विचार, कुठल्या गटात उतरायचंय. एफ-क्लासच्या एफ-टीआर गटात .२२३ आणि .३०८ याच दोन चालतात, तिथे क्रीडमूर घेऊन गेलास तर परत पाठवतील. तो गट नको असेल तर .३०८चा विचार सोड. धक्का जास्त, वाऱ्यात वाहणं जास्त. तिची एकच जमेची बाजू म्हणजे नळी पाचेक हजार गोळ्या चालते, तर क्रीडमूरची अडीच-तीन हजारांत थकते. सहा मिलिमीटरच्या नव्या काडतुसांचं वेड तुला कुणी लावेल. धक्का कमी, आपली गोळी लागताना स्वतःलाच दिसते, हे खरं. पण त्यातली जोरदार काडतुसं नळी पंधराशे गोळ्यांतच खातात. ते दर वर्षी स्पर्धा खेळणाऱ्यांचं काम. तुझ्यासाठी क्रीडमूर, आठ इंचांत एक फेऱ्याची नळी, १४० ग्रेनची गोळी.

पण ती पुढच्या हिवाळ्यात घे. आत्ता एक बरी बोल्ट ॲक्शन .२२ आण, दोन-तीन लॉट पारखून एकाच्या पेट्या भर, आणि पन्नासपासून दोनशे यार्डांपर्यंत वारा लिहून ठेवत झाड. प्रत्येक गोळीआधी अंदाज वहीत लिही, नंतर नाही. दिवाळीला येशील तेव्हा ती वही घेऊन ये, रायफल तुला विमानतळावर कुणी आणू देणार नाही.

तुझा,
सुध्या